मुसलमान समजून

१५ सप्टेंबर २००१, शनिवार. ॲरिझोना राज्यातलं मेसा हे गाव. बलबीरसिंग सोढी आपल्या गॅस स्टेशनसमोर फुलझाडं लावायच्या कामात होते. वय ५२. न्यूयॉर्कच्या मृतांसाठी उघडलेल्या मदतनिधीत त्यांनी त्याच दिवशी खिशात होते तेवढे पैसे टाकले होते. ट्रकमधून आलेल्या एका माणसानं त्यांची दाढी आणि पगडी पाहिली आणि गोळ्या झाडल्या. अकरा सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्याचा सूड म्हणून झालेला हा पहिला खून मानला जातो.

मला न्यू जर्सीत येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आठवड्याभरानं आम्ही काही मराठी कुटुंबं एकाच्या घरी जेवायला जमलो. टीव्ही सुरूच होता, त्या दिवसांत तो कुणाच्याच घरी बंद होत नसे. बातमी लागली आणि पानं वाढता वाढता कुणीतरी म्हणालं, "बिचारा! चुकून मारला गेला. मुसलमान समजून मारलं त्याला." सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. मीही हलवली. त्या वाक्यात खटकण्यासारखं काही आहे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली.

चुकून आपण दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवतो. चुकून आमटीत दोनदा मीठ पडतं. चुकून म्हटलं, की बरोबर काय असायला हवं होतं, ते आपण गृहीत धरलेलं असतं. मग सोढींच्या बाबतीत बरोबर काय झालं असतं? त्या पगडीखालचा माणूस खरोखरच मुसलमान असता, तर गोळी योग्य ठिकाणी लागली असं म्हणायचं? त्या दिवशी जेवायला बसलेल्यांपैकी कुणालाही असं म्हणायचं नव्हतं, याची मला खात्री आहे. ती सगळी सज्जन माणसं होती, आजही आहेत. पण वाक्याचा अर्थ तोच होता. ते वाक्य मी त्यानंतरही अनेकदा ऐकलं. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वर्चस्ववाद्यानं घुसून सहा जणांना ठार केलं, तेव्हाही तेच: "त्याला शीख आणि मुसलमान यांतला फरक कळला नसणार."

हा फरक कळावा म्हणून आपण किती धडपडतो! आणि इतिहास असा, की तो कळून कुणी वाचलेलं नाही. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात सुमारे पाचशे गोऱ्यांच्या जमावानं लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना झोपड्यांतून ओढून बाहेर काढलं, मारलं आणि गावाबाहेर हाकललं. वर्तमानपत्रांनी त्यांना 'हिंदू' म्हटलं. त्यांतले बहुतेक पंजाबचे शीख होते. म्हणजे १९०७ साली शिखांना हिंदू म्हणून हाकललं आणि २००१ साली शिखाला मुसलमान समजून मारलं. १९८७ साली आमच्याच राज्यात, जर्सी सिटीत, 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीनं स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर केलं, की भारतीयांना शहरातून हुसकावण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ. त्यांच्या नावातला 'डॉट' म्हणजे आपली टिकली. त्या काळात इथे असलेल्या बायका सांगतात, बाहेर पडताना टिकली काढून ठेवायची, साडीवर लांब कोट घालायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनमध्ये पोरांच्या एका टोळक्यानं नवरोज मोदी नावाच्या तरुणाला इतकं मारलं, की तो पुढे दवाखान्यात मरण पावला. तो पारशी होता. टिकलीशी त्याचा काय संबंध?

द्वेष करणारा माणूस आपला धर्म विचारत बसत नाही, एवढंच यातून काढायचं असेल तर ते थोडं आहे. त्यातून निघणारा शहाणपणा फक्त स्वतःला वाचवण्यापुरता राहतो: आज ते जात्यात, आपण सुपात. मला त्याच्या पुढचं म्हणायचं आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं एका सैनिकानं म्हणून ठेवलं आहे.

२००८ च्या निवडणुकीत बराक ओबामा छुपे मुसलमान आहेत अशी कुजबुज देशभर चालू होती. मिनेसोटातल्या एका सभेत एक बाई उभी राहून म्हणाली, "माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत." ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मकेन यांनी तिच्या हातातला माइक घेतला आणि सांगितलं, "नाही, ताई. ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत, इतकंच." प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतल्याबद्दल मकेन यांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाही हवं होतं. स्वतःच्याच समर्थकांसमोर असं बोलायला छाती लागते. पण अरबाच्या विरुद्ध शब्द 'सभ्य' कसा काय झाला, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

ते विचारलं कॉलिन पॉवेल यांनी. १९ ऑक्टोबर २००८ रोजी टीव्हीवरच्या मुलाखतीत सेनादलांच्या संयुक्त प्रमुखांचे माजी अध्यक्ष आणि माजी परराष्ट्रमंत्री असलेले पॉवेल म्हणाले, की ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे उत्तर खरं आहे. पण योग्य उत्तर निराळं आहे. ते असं: असले तर? या देशात मुसलमान असण्यात काही गैर आहे का? एखाद्या सात वर्षांच्या मुसलमान मुलानं आपण राष्ट्राध्यक्ष होऊ असं स्वप्न पाहण्यात काही चूक आहे का? मग त्यांनी पाहिलेल्या एका छायाचित्राबद्दल सांगितलं. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडाला डोकं टेकून बसली आहे. दगडावर क्रूस नाही, चंद्रकोर आणि तारा आहे. करीम रशाद सुलतान खान, न्यू जर्सीचा मुलगा. अकरा सप्टेंबरच्या दिवशी तो चौदा वर्षांचा होता, इराकमध्ये मेला तेव्हा वीस.

"असले तर?" सोढींच्या बातमीच्या वेळी आमच्यापैकी एकानं जरी हे दोन शब्द उच्चारले असते!

अमेरिकेत हे दोन शब्द उच्चारायला आधार आहे, आणि तो जुना आहे. थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात १७८६ साली मंजूर झाला. त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालावं अशी सूचना आली होती. ती मोठ्या बहुमतानं फेटाळली गेली. म्हातारपणी, १८२१ साली, जेफरसन यांनी त्याचा अर्थ नोंदवून ठेवला: कायद्याचं संरक्षण ज्यू आणि बिगरज्यू, ख्रिस्ती आणि महंमदी, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारे, अशा सगळ्यांसाठी होतं. त्या वाक्यात 'महंमदी' आणि 'हिंदू' शेजारी शेजारी आहेत. व्हर्जिनियात तेव्हा नाव घेण्यासारखी हिंदू वस्ती नव्हती, तरी आपली जागा धरून ठेवलेली होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. याच जेफरसन यांच्याकडे शेकडो गुलाम होते, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांत मुसलमानही होते, हे विसरून चालणार नाही. उत्तर कॅरोलिनात गुलामीत राहिलेल्या उमर इब्न सईद यांनी १८३१ साली अरबीत लिहिलेलं आत्मवृत्त आज काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयात आहे. मुसलमान इथे काल-परवा आले, हा समज ते वाचून तरी सुटावा.

१७९० साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला लिहिलेलं पत्र मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. एका वर्गाच्या मेहेरबानीनं दुसऱ्या वर्गाला त्याचे जन्मसिद्ध हक्क उपभोगता येतात, अशा अर्थानं सहिष्णुतेची भाषा आता इथे बोलली जात नाही, असं त्यांनी लिहिलं. आपल्या 'सहिष्णुता' या शब्दात 'सह्' धातू आहे, सोसण्याचा. शेजारी मासे तळतात, वास येतो, आपण खिडकी लावून घेतो आणि काही बोलत नाही, ती सहिष्णुता. तीही काही कमी नाही, भांडणापेक्षा केव्हाही बरी. पण मला माझ्या शेजाऱ्यानं सोसावं असं मला वाटत नाही. मी इथे कुणाच्या मेहेरबानीनं राहत नाही, आणि पलीकडच्या गल्लीत राहणारं पाकिस्तानी कुटुंबही राहत नाही.

हा फरक कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात तो पार्किंगच्या जागा मोजताना कळतो.

बास्किंग रिज हे न्यू जर्सीतलं सुखवस्तू गाव, बर्नार्ड्स टाउनशिपमधलं. तिथल्या मुसलमानांनी चर्च स्ट्रीट नावाच्याच रस्त्यावर सुमारे चार एकरांची जागा घेतली आणि २०१२ साली मशिदीसाठी अर्ज केला. अर्जाचे पुढारी महंमद अली चौधरी अनेक वर्षं त्याच गावात राहिलेले, एकदा गावाचे महापौर झालेले. अर्ज नियमांत बसवून केला होता. नियोजन मंडळानं त्यावर ३९ सुनावण्या घेतल्या. एकोणचाळीस! गावाच्या नियमाप्रमाणे तीन माणसांमागे एक गाडी धरायची, म्हणजे दीडशे नमाज्यांसाठी ५० जागा. मंडळानं १०७ मागितल्या. तो नियम 'चर्च'साठी आहे, मशीद म्हणजे चर्च नव्हे, असा त्यामागचा तर्क. पाणी कुठे जाईल, कुंपण किती उंच, झाडं कोणती, एकेक शंका निघत गेली. इस्लामबद्दल चकार शब्द नाही. दरम्यान मशिदीच्या पत्रपेटीवरची संस्थेची आद्याक्षरं बदलून कुणीतरी 'इसिस' करून ठेवलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज नाकारला गेला.

मी टाउनशिपच्या अशा सुनावण्यांना बसलेली आहे, आमच्या भागात एका देवळाचा विस्तार व्हायचा होता तेव्हा. तिथे कुणी "आम्हाला हिंदू नकोत" असं म्हणत नाही. म्हणतात, सणाच्या दिवशी गाड्या कुठे लावणार, घंटेचा आवाज किती वाजेपर्यंत, गावाचं रूप बदलेल त्याचं काय. प्रत्येक प्रश्न एकेकटा घेतला तर रास्त असतो. काही विचारणाऱ्यांना खरोखर गाड्यांचीच काळजी असते. म्हणूनच समोर बसून ते ऐकणं कठीण जातं. आपल्याला नको म्हटलं जातंय हे अंगाला कळतं आणि बोट ठेवायला शब्द सापडत नाही.

बास्किंग रिजच्या मुसलमानांना बोट ठेवायला एक कायदा सापडला. २००० साली काँग्रेसनं एकमुखानं केलेला तो कायदा सांगतो, की जमिनीच्या वापराचे नियम लावताना एका धर्माच्या प्रार्थनास्थळाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं माप चालणार नाही. त्यांनी दावा लावला, केंद्राच्या न्यायखात्यानंही टाउनशिपवर वेगळा दावा लावला. २०१६ च्या अखेरच्या दिवशी फेडरल न्यायाधीशांनी पार्किंगच्या मुद्द्यावर मशिदीच्या बाजूनं निकाल दिला. मे २०१७ मध्ये ३२ लाख ५० हजार डॉलरवर समेट झाला आणि मशिदीचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी २०१४ साली जवळच्या ब्रिजवॉटरला अशाच वादात ७७ लाख ५० हजार डॉलरचा समेट करावा लागला होता. ब्रिजवॉटर म्हटलं की आपल्या लोकांना बालाजी मंदिर आठवतं. गाडी घेतली की पहिली पूजा तिथे. त्याच गावात एका मशिदीला जागा मिळू नये म्हणून नियम बदलले गेले होते, हे तिथे प्रसादाच्या रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना माहीत आहे? मुसलमानांनी लढून मिळवलेला प्रत्येक असा निकाल पुढच्या देवळाच्या, पुढच्या गुरुद्वाराच्या वकिलाच्या हाती पडतो.

कायदा नेहमीच असा पाठीशी उभा राहिला असं नाही. अकरा सप्टेंबरनंतर सहा दिवसांतच जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि इस्लाम म्हणजे शांती असं म्हणाले. पण त्यांच्याच सरकारनं पुढच्या वर्षी पंचवीस देशांतल्या पुरुषांची खास नोंदणी सुरू केली, आणि उत्तर कोरिया सोडला तर ते सगळे देश मुसलमानबहुल होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी मशिदींवर, चहाच्या दुकानांवर, आमच्या राज्यातल्या नेवार्कपर्यंत जाऊन पाळत ठेवली. ज्या पथकानं ते केलं, त्याच्या कामातून दहशतवादाचा एकही माग लागला नाही, हे पोलीस अधिकाऱ्यानंच शपथेवर सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी काही मुसलमानबहुल देशांच्या नागरिकांवर घातलेल्या प्रवासबंदीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये, तिच्या तिसऱ्या रूपावर, पाच विरुद्ध चार मतांनी शिक्का मारला.

त्या पहिल्या आदेशावर सही झाली २७ जानेवारीला. त्याच रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावची मशीद एका माणसानं जाळली. गावातल्या ज्यू मंडळीनं आपल्या सिनेगॉगच्या किल्ल्या मुसलमानांच्या हातात दिल्या, तोवर इथे नमाज पढा म्हणून. ज्यू कुटुंबं तिथे अगदी मोजकी होती. पुन्हा बांधण्यासाठी देशभरातून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. हाही तोच देश. एफबीआयच्या नोंदींत मुसलमानविरोधी गुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ४८१, तो देशही हाच.

इथे माझे काही मित्र मला थांबवतात. ते म्हणतात, भीती काय हवेतून आली? जवळजवळ तीन हजार माणसं एका सकाळी मेली. त्यानंतर सॅन बर्नार्डिनोत चौदा, ऑरलँडोत एकोणपन्नास. हे खोडून काढता येत नाही, आणि मला ते खोडायचंही नाही. १२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा इथे सलमान रश्दी व्यासपीठावर बसले असताना त्यांच्यावर सुरीचे वार झाले आणि त्यांचा एक डोळा गेला. मुंबईत जन्मलेल्या लेखकाला अमेरिकेत येऊनही खोमेनींचा तो जुना फतवा गाठतो, हे पाहून माझ्याही पोटात गोळा आला. धर्मावर टीका करण्याचा हक्क पूर्ण असायला हवा, इस्लामवरसुद्धा, आणि त्या हक्कासाठी मी उभी राहीन. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमिक शहराची परिषद सगळीच्या सगळी मुसलमान सदस्यांची झाली, आणि २०२३ मध्ये त्या परिषदेनं समलिंगींचा इंद्रधनुषी झेंडा शहराच्या जागांवर लावायला बंदी केली. ज्यांनी त्यांना साथ दिली होती अशा अनेकांना ते लागलं. मलाही लागलं. त्याबद्दल त्या नगरसेवकांना जाब विचारावा, मतपेटीत विचारावा. पण ज्याचा जाब त्याला. शटॉक्वातल्या सुरीचा जाब आमच्या भागात फार्मसी चालवणाऱ्या बाईला कुणी विचारू लागलं, की मी तिच्या बाजूला असेन. एकोणिसाव्या शतकात इथे कॅथलिकांना हेच ऐकावं लागलं होतं: तुमची निष्ठा पोपशी, तुम्ही लोकशाहीत बसत नाही. १८३४ साली बॉस्टनजवळ जोगिणींचा मठ जमावानं जाळला होता. १९६० सालीसुद्धा जॉन केनेडींना ह्यूस्टनला जाऊन पाद्र्यांसमोर खुलासा द्यावा लागला.

आता आपल्याबद्दल. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत अमेरिकन लोकांनी वेगवेगळ्या धर्मीयांबद्दलची आपुलकी शंभरपैकी गुण देऊन सांगितली. मुसलमानांना मिळाले ४८, हिंदूंना ५८. या दहा गुणांच्या अंतरावर आपण फार विसंबतो, आणि ते वाढावं म्हणून काही जण नको ते करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भारताच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बुलडोझर फिरवला गेला, त्यावर पंतप्रधान मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं होती. उत्तर प्रदेशात बुलडोझरनं कुणाची घरं पाडली जात होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिरवणुकीच्या रस्त्यावर भारतीय मुसलमानही राहतात, त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात. आयोजकांनी नंतर माफी मागितली. ती मागायला लागली, याची मला अजून लाज वाटते. ज्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपण निर्धास्तपणे साडी नेसून फिरतो, ते जर्सी सिटीपासून तासाभरावर आहे. १९८७ मधल्या बायका अजून आहेत. त्यांच्या शेजारी बसून बुलडोझरला टाळ्या कशा वाजवता येतात?

२२ फेब्रुवारी २०१७. कॅन्ससमधल्या ओलेथ गावचा एक बार. हैदराबादचे अभियंते श्रीनिवास कुचिभोटला, वय ३२, मित्राबरोबर संध्याकाळी बसले होते. "माझ्या देशातून चालते व्हा," असं ओरडत एकानं गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेले, मित्र जखमी झाला. मारणाऱ्यानं नंतर पलीकडच्या राज्यातल्या एका हॉटेलात सांगितलं, मी दोन इराण्यांना मारलं. त्या बारमध्ये इयन ग्रिलट नावाचा चोवीस वर्षांचा गोरा तरुण बसला होता. त्यानं टेबलाखाली लपून गोळ्या मोजल्या, संपल्या असं वाटून तो मारेकऱ्यामागे धावला. मोजणी चुकली होती. गोळी त्याच्या हातातून छातीत गेली. दवाखान्यातल्या खाटेवरून तो म्हणाला, की ते दोघं कुठले, कोणत्या वंशाचे, याचा इथे प्रश्नच नव्हता. आपण सगळी माणसं आहोत.

भारतीय त्याचे उपकार विसरले नाहीत. ह्यूस्टनच्या आपल्या लोकांनी त्याला घर घेता यावं म्हणून एक लाख डॉलर जमवून दिले. ते वाचून मला अभिमान वाटला होता, अजून वाटतो. त्या आठवड्यात आमच्या मंडळातही पैसे गोळा केले, मीच दारोदार फिरले. एका घरी मावशींनी चेक लिहिता लिहिता म्हटलं, "इराणी समजून मारलं गं त्याला." मी चेक घेतला, थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले. गाडीत बसल्यावर मनात आलं, ग्रिलट ज्यांच्यासाठी धावला ते दोघं खरोखरच इराणी असते, तर मी आज या रस्त्यावर फिरत असते का? किती दारं उघडली असती? मी परत जाऊन मावशींना हे विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारणार आहे.